तिसऱ्या हाकेचा रस्ता

आखातात आलेल्या पाहुण्यांना काय दाखवायचं, याचा एक ठरलेला क्रम असतो. खाडीतली होडी, सोन्याचा बाजार, एखादा मॉल, वाळूतली जीपसफारी आणि शेवटी परतीच्या बॅगा वजनकाट्यावर. माझे आईबाबा त्या डिसेंबरात व्हिजिट व्हिसावर शारजाला आले आणि आम्ही हे सगळं भराभर उरकलं. मॉलमध्ये बाबांनी फक्त फरशीचा उतार बघितला. घरी आल्यावर म्हणाले, "आता सचिनरावांचा रस्ता दाखवा."

बाबा राजापूरकडचे. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांचा जन्म गेला. लोक दुसऱ्याच्या गावी गेले की देऊळ बघतात, बाबा गटार कुठल्या बाजूला काढलंय ते बघतात. माझा नवरा सचिन शारजातल्या एका कंत्राटदार कंपनीत इंजिनियर, आणि त्यांनी नुकताच एक आडरस्ता नव्याने केला होता. धैदकडे जाणारा मोठा हायवे आणि वाळवंटातलं एक छोटं गाव, यांना जोडणारा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं भली आहेत, त्यांच्या गावाला उगाच बट्टा नको.

"बाबा, एवढासा रस्ता आहे. चहा गार व्हायच्या आत संपतो," सचिन म्हणाला. पण मनातून खूष झाला होता. सासऱ्याने जावयाचं काम बघायला मागावं, हे सुख कुठल्या बोनसमध्ये नसतं.

शारजाहून निघताना

शुक्रवार होता, म्हणजे आमचा रविवार. मी पोह्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि बाबांच्या गोळ्या पिशवीत भरल्या. बाबांना साखरेचा त्रास. सकाळची गोळी घेतली की लवकर पोटात काहीतरी जावंच लागतं, नाहीतर हातपाय थरथरतात नि डोळ्यांपुढे अंधारी येते. पण बाबांनी गोळी घरीच घेतली आणि जाहीर केलं, "पोहे रस्ता बघून, गावात बसून खाऊ." बांधकाम खात्याची शिस्त, काम आधी.

"सचिन, डबा घेतलास का?" मी जिन्यातून ओरडले.

आईचं तोंड कारल्यासारखं झालं. "वंदू, नाव घेऊन काय हाका मारतेस गं नवऱ्याला? तो काय तुझा धाकटा भाऊ आहे?"

हे रोजचंच होतं. माझ्या आईने तोवर आख्ख्या आयुष्यात बाबांचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही उखाण्यात. त्यानंतर 'अहो', 'ऐकलंत का', आणि शेजारणींशी बोलताना नुसतं 'हे'. रेशनच्या ऑफिसात कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिने मला पुढे ढकललं होतं. मी तिसरीत होते. 'विनायक' सांगताना मलाच लाज वाटली.

डिकीत तिने एक नारळही ठेवला होता. नव्या रस्त्याला फोडायचा म्हणून. सचिनने हात जोडले. "आई, इथे रस्त्यावर नारळबिरळ नको हं. पोलिसांनी विचारलं तर काय सांगू?"

"मग रस्ता कुणाच्या राखणीत असतो इथे?" बाबांनी विचारलं. कोकणात प्रत्येक रस्त्याला, वेशीला, घाटाच्या वळणाला एक राखणदार असतोच. ड्रायव्हर तिथे हात जोडून, निदान हॉर्न वाजवून पुढे जातो.

"म्युनिसिपालिटीच्या," सचिन म्हणाला. बाबा हसले नाहीत.

हायवेवर बाबा खुषीत होते. एकशेवीसच्या वर काटा गेला की आमच्या जपानी गाडीत टिंग टिंग घंटी वाजायची. दर वेळी आई हात जोडायची. तिला वाटायचं, देवाची आहे. मग हळूहळू धुकं उतरायला लागलं. थंडीच्या दिवसांत वाळवंटात असं धुकं पडतं, हे सांगूनही आपल्याकडे कुणाला खरं वाटत नाही. आधी लांबची टेकाडं गेली, मग विजेचे खांब, मग समोरच्या ट्रकचे दिवे.

आडरस्ता फुटतो तिथे पेट्रोलपंप आहे. ट्रक ओळीने थांबले होते, पठाण ड्रायव्हर अंगावर घोंगड्या घेऊन चहा पीत बसले होते. सचिनने काच खाली केली तसा एक दाढीवाला जवळ आला.

"किधर?"

सचिनने गावाचं नाव सांगितलं.

"धुंध उठने दो, भाई. ये रास्ता छोटा है, मगर धुंध में लंबा हो जाता है."

"मैंने ही बनाया है," सचिन म्हणाला. "पाँच मिनट लगेंगे. यल्ला, चलते हैं."

पठाणाने आमच्याकडे, मागे बसलेल्या आईबाबांकडे एकदा बघितलं आणि बाजूला झाला. बाबा म्हणाले, "थांबायचं का?" पण आमचा इंजिनियर फुशारून गेला होता.

आडरस्ता

रस्ता खरोखर सुंदर होता. काळाभोर, कडेला पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना उंटांसाठी तारेचं कुंपण. बाबा काचेला नाक लावून खडीचा थर, उतार, मोऱ्या असं काय काय विचारत होते आणि सचिन सांगत होता. मी पुढे बसले होते. उजवीकडे एक गाफचं झाड गेलं. गाफ म्हणजे तिथला शमीसारखा वाळवंटी वृक्ष. त्याच्याखाली एक निळं पिंप उलटं घातलेलं होतं, एवढं मी बघितलं.

थोड्या वेळाने पुन्हा गाफचं झाड गेलं. खाली निळं पिंप, उलटं.

मी मनात म्हटलं, वाळवंटात झाडं सारखी दिसतात आणि पिंपंही. धुक्यातून एकदम एक उंटीण समोर आली, कुंपणाच्या आत, एकटी. तिने मान वळवून गाडीकडे बघितलं नाही. सचिनने वेग आणखी कमी केला. चहा गार व्हायच्या आत संपणारा रस्ता संपत नव्हता. वायपर करकरत होते.

तिसऱ्यांदा झाड आलं तेव्हा मागून बाबाच म्हणाले, "सचिनराव, थांबवा. चकवा आहे."

ज्यांना चकवा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाखालची वाट असते, रोजची असते, आणि माणूस तिथल्या तिथे गोल फिरत राहतो, त्याला आमच्याकडे चकवा लागला म्हणतात. माझ्या काकांना घराच्या मागच्या कुळागरात, म्हणजे माडापोफळींच्या बागेत, लागला होता, पहाटेपर्यंत फिरत होते. त्यावर उपायही सगळ्यांना ठाऊक असतो. चालणं थांबवायचं, जमिनीला बूड टेकायचं, जरा स्वस्थ बसायचं आणि कुलदैवताचं नाव घ्यायचं.

"बाबा, धुकं आहे नुसतं," सचिन म्हणाला. पण त्याने गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकत ठेवले. त्यालाही समोरचं दिसत नव्हतं.

"असेल. मी जमिनीला टेकून येतो," बाबा म्हणाले आणि दार उघडून उतरले. आम्ही नको नको म्हणेपर्यंत पांढऱ्या रेघेपलीकडे गेले. तिथे कुंपण वाळूखाली गेलं होतं, त्यावरून सहज पलीकडे जाता येत होतं. त्यांची राखाडी शाल दोन क्षण दिसली, मग नाही.

आई म्हणाली, "येतील आत्ता." पोह्यांचा डबा तिच्या मांडीवर होता.

ते आले नाहीत.

सचिनने हॉर्न दिला. मी खाली उतरून ओरडले, "बाबा! बाबा!" धुक्यात आवाज किती विचित्र होतो ते तिथे कळलं. माझीच हाक मला डावीकडून ऐकू आली. सचिनने डिकीतून गाडी ओढायचा दोर काढला, एक टोक बंपरला आणि एक कमरेला बांधलं आणि वाळूत गेला. दोर संपला तिथे थांबून त्याने हाका मारल्या. "बाबा! ओ द्या, बाबा!" काहीही नाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने मला गाडीच्या मागे नेलं.

"आईंना सांगू नकोस. पलीकडे खदान आहे."

"कसली?"

"भरावासाठी खणलेली. रस्त्याला माती तिथूनच घेतली. खोल आहे, वंदू. आणि कडा ढासळत्या आहेत."

एकीकडे खदान, आणि दुसरीकडे बाबांनी रिकाम्या पोटी घेतलेली गोळी. आता त्यांचे हात थरथरायला लागले असतील, थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी येईल, आणि ते उठून चालायला लागले तर कुठे जातील हे त्यांनाही कळणार नाही. सचिनने पोलिसांना मोबाइल लावून बघितला. रेंज नव्हती. पंपावर मदतीला जावं तर गाडी हलवायची आणि तेवढ्यात बाबा परत आले तर? गाडीचे दिवे हीच त्यांची एक खूण होती.

आई उतरून पांढऱ्या रेघेवर उभी होती. "अहो!" तिने हाक मारली. "अहो, ऐकलंत का? चला, पोहे गार झाले." स्वयंपाकघरातून ओसरीवर मारतात तशीच हाक. मग थोडी मोठ्याने. मग तिचा आवाज फाटला. "अहो, ओ का देत नाही तुम्ही?"

आणि मग ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, रडतेय. पण तिने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "ते ऐकतायत. ओ देत नाहीयेत."

"म्हणजे?"

"अशा जागी नुसत्या हाकेला ओ द्यायची नाही. नाव घेऊन तीन हाका आल्या तरच द्यायची. त्यांच्या आईची शिकवण आहे, ते मोडायचे नाहीत. बाबा काय, अहो काय, कुणीही म्हणेल."

हे मलाही ठाऊक होतं. लहानपणी आजीने आम्हा सगळ्यांना हेच शिकवलं होतं. वाईट जागेवरची हाक एकदा येते, फार तर दोनदा. तिसरी येत नाही. तिसरी माणसाचीच.

"मी मारतो की नावाने," सचिन म्हणाला.

"परक्या आवाजाला ते यायचे नाहीत. परका आवाज त्यांना त्या वाईट जागेचाच वाटेल, जावईबापू, रागावू नका. घरचा आवाज हवा."

"मग मी," असं म्हणून मी तोंड उघडलं. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून शब्द फुटेना. दिवसातून शंभरदा 'सचिन सचिन' करणारी मी, बापाला नावाने हाक मारायची म्हटल्यावर जीभ टाळ्याला चिकटली. आईने माझ्या दंडावरचा हात काढला.

"लेकीने नाही मारायची," ती म्हणाली. "थांब."

तिने डोक्यावरून पदर घेतला. ओठ हलले, पण आवाज नाही. पुन्हा हलले. मग ती अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटली, आणि मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"खळ्यात रास भाताची, अंगणात सडा शेणाचा, विनायकरावांचं नाव घेते, मान राखते जनांचा."

लग्नातला उखाणा. त्या उखाण्याला धरून धरून ती नावापर्यंत पोचली. मला हसू आलं आणि त्याच क्षणी भडभडून रडू आलं.

"विनायकराव!" आईने हाक मारली.

धुकं तसंच होतं.

"विनायकराव!"

सचिनने कमरेचा दोर घट्ट केला.

"विनायकराव!"

तिसरी हाक संपते न संपते तोच मी जिकडे बघत होते तिथून नव्हे, वाळूतल्याच अगदी वेगळ्या बाजूने, बाबांचा आवाज आला. "ओ! आलो, आलो. बोलत राहा."

आई बोलत राहिली. काय बोलली ते तिलाही आठवणार नाही. भाजीत मीठ कमी पडलं होतं, भिंतीला ओल आलीय, असलं काहीतरी. सचिन दोर धरून आवाजाच्या दिशेने गेला आणि बाबांना हाताला धरून घेऊन आला. त्यांचे हात बर्फासारखे होते आणि थरथरत होते, कपाळावर घाम होता. मी त्यांना गाडीत बसवून साखरेचे खडे दिले, मग चहा, मग पोहे. हळूहळू हात थांबले.

"ओ द्यायला काय झालं होतं, बाबा?" शेवटी मीच विचारलं. रागाने माझा आवाज चढला होता. "आमचा जीव गेला असता."

बाबांनी पोह्यांचा घास नीट चावून खाल्ला. "पहिल्यांदा हिने हाक मारली तेव्हा मी उठलोच होतो. नावाने मारली. दोन पावलं गेलोसुद्धा. पण एकदाच मारली, म्हणून परत टेकलो. मग सगळी 'अहो' आणि 'बाबा' चाललेली. आता कुठे तीन पूर्ण झाल्या."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मी आधी नावाने मारली नव्हती."

"मारलीस की. त्या बाजूने." त्यांनी बोट दाखवलं. "विनायकराव म्हणालीस. मला नवल वाटलं, म्हणून तर उठलो."

आईने थर्मासचं झाकण घट्ट लावलं, ते आधीच लागलेलं होतं.

धुकं उठलं ते एकदम उठलं. ऊन पडलं, लाल वाळू दिसायला लागली, आणि मी नि सचिन बाबांच्या पावलांमागे गेलो. ते बसले होते ती जागा स्पष्ट होती, वाळूत खोलगट. तिथून दोन पावलं पुढे उमटली होती, बाबांनी दाखवलेल्या दिशेला. त्यांच्यापुढे जेमतेम माणूस आडवा होईल एवढी वाळू आणि तिच्यापुढे खदान. सचिन काठावर गेला नाही. मला म्हणाला, "चल." परत येताना त्याने माझा हात गाडीपर्यंत सोडला नाही.

गाव

आणि मग गाव लगेच आलं. म्हणजे अक्षरशः पुढचं वळण घेतलं आणि मशिदीचा मनोरा, खजुराच्या बागा, केरळातल्या एका मलबाऱ्याचं हॉटेल, टायरचं दुकान. आम्ही वेशीवरच थांबलो होतो.

मलबाऱ्याकडे गरम परोटे आणि दुधाचा कडक चहा होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारे अरब बसले होते, पांढऱ्या झग्यात, हातात काठी. त्यांनी सलाम केला, आमच्यापुढे खजुराचं ताट सरकवलं आणि चोचीच्या किटलीतून इवल्याशा पेल्यात बिनदुधाची, वेलदोड्याची कॉफी दिली. बाबांनी पाहुण्याच्या रीतीने ती संपवली, की लगेच दुसरी. ती संपवली, की तिसरी. आपल्याकडे हात आडवा धरला की पुरे होतं, तिथे पेला हलवायचा असतो. हे मलबाऱ्याने सांगेपर्यंत बाबांचे डोळे मोठे झाले होते. म्हातारबाबा मनापासून हसले. आईही हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

म्हातारबाबांनी विचारलं, धुक्यात कसे आलात. सचिनने मोडक्या अरबीत आणि हिंदीत सांगितलं, मलबाऱ्याने उरलेलं जोडलं. रस्त्यात थांबलो, सासरे उतरले, कुणीतरी नावाने हाक मारली. म्हातारबाबांचं हसू गेलं. त्यांनी पेला खाली ठेवला, काठीने आईकडे निर्देश केला आणि हलक्या आवाजात एक लांबलचक वाक्य बोलले.

"क्या बोला?" सचिनने विचारलं.

मलबारी फडक्याने टेबल पुसत राहिला. "कुछ नहीं साब. बूढ़ा आदमी है. खाना खाओ."

मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "खलास, मॅडम," आणि आत निघून गेला.

परतीला

परतीला दुसरा लांबचा रस्ता होता. बाबा ऐकेनात. "आलो त्या वाटेने जायचं. नाहीतर मनात राहतं." स्वच्छ उन्हात तो रस्ता चहा गार व्हायच्या आत संपला. मी सगळा वेळ डावीकडे बघत होते. गाफचं झाड होतं, खाली निळं पिंप होतं. एकच. दुसरं कुठेही नव्हतं. सचिननेही बघितलं असावं, कारण पंप येईपर्यंत तो आपल्या रस्त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पंपावरचा पठाण अजून तिथेच होता. त्याने गाडीतली डोकी मोजल्यासारखं आत बघितलं आणि मान हलवली. आईने डिकी उघडायला लावून नारळ त्याच्या हातात दिला. तो गोंधळला, पण त्याने घेतला.

आईबाबा व्हिसा संपल्यावर राजापूरला परत गेले. सचिनच्या कंपनीने खदान बुजवून टाकली, आमच्या सांगण्यावरून नव्हे, तसंही बुजवायचीच होती. आम्ही त्या बाजूला पुन्हा गेलो नाही. पाहुण्यांना मी आता मॉल दाखवते.

फोनवर आई कुरकुर करायची. "तुमच्या त्या रस्त्याने ह्यांना सवय लागली. आता ओसरीवरून जेवायला बोलवायचं तर 'अहो' चालत नाही. नावाने, तीनदा. शेजारीण हसते." पण ती कुरकुर करताना तिचा आवाज तरुण लागायचा, हे मी ओळखून होते. मला मजा वाटायची.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, पण ती फोन ठेवेना. मग म्हणाली, "वंदू, काल दिवेलागणीला हे अंगणात बसले होते. मी आतून दोनदा हाक मारली आणि दूध उतू गेलं म्हणून चुलीकडे धावले. तिसरी मारायचीच राहिली. मागे वळते तर हे पाटावर येऊन बसलेले. मी म्हटलं, कसे आलात? तर म्हणाले, तीन झाल्या ना."

लाइनवर खरखर होती. मी विचारलं, "तू नक्की दोनदाच मारलीस?"

"दोनदाच मारली गं."

तिसरी कुणी मारली, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण आई वाट बघत होती, आणि काहीतरी सांगायला हवं होतं.

"आई, उद्यापासून हाक मारूच नकोस," मी म्हटलं. "बाहेर जा आणि हात धरून आत आण."

"ह्या वयात? शेजारीपाजारी बघतात."

"बघू देत."

मग आई म्हणाली, "बरं. आणीन." आणि फोन ठेवायच्या आधी, मी विचारलं नसताना म्हणाली, "आत्ताच जाते. अंगणातच बसलेत."